मेंदूच्या टॉनिकआधी औषधांची पिशवी उलटी करा

माझं मेडिकल पंचवटीत आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, पेशंटसाठी टॉनिक मागायला पेशंट स्वतः क्वचितच येतो. येते ती सून, नाहीतर सुट्टीवर आलेला मुलगा. "ताई, बाबा हल्ली फार विसरतात. मेंदूसाठी काहीतरी चांगलं द्या ना." चांगलं म्हणजे बहुतेक वेळा महाग. माझ्या मागच्या रॅकवर अशा बाटल्यांची अख्खी ओळ आहे, ब्राह्मीपासून जिंको या परदेशी झाडाच्या पानांच्या अर्कापर्यंत. खोटं कशाला बोलू, त्यांवर दुकानदाराला मार्जिनही बरं सुटतं. लेवोडोपा-कार्बिडोपा या कंपवाताच्या मुख्य गोळ्यांच्या पानावर तेवढं सुटत नाही, कारण ते औषध सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या किमतीवर मर्यादा आहे. म्हणजे पुढचं सगळं मी माझ्याच गल्ल्याच्या विरोधात लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना कंपवात होता, त्यामुळे हा विषय काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. आता कुणी मेंदूसाठी काही मागितलं की मी आधी उलट विचारते, "सध्या काय काय चालू आहे?" नवीन काय द्यायचं हे ठरवण्याआधी चालू असलेल्यातलं काय काढता येईल ते बघायचं. बऱ्याच घरांत विसराळूपणाचं कारण टॉनिकची कमतरता नसतं. कारण पिशवीतच असतं.

पिशवी टेबलावर उलटी करा

"औषधं घेऊन या" म्हटलं की लोक फाइल आणतात. फाइल नको, पिशवी आणा. त्यात स्टीलच्या डब्यातल्या गोळ्या, फ्रिजच्या दारातलं सिरप, उशाजवळची झोपेची गोळी, शेजारच्यांनी दिलेलं चूर्ण आणि मुलाने अमेरिकेहून पाठवलेली बाटली असं सगळं आलं पाहिजे. वर्तमानपत्राच्या पुडीतलं, लेबल नसलेलंही आणा. चुलतभावाने त्र्यंबकच्या यात्रेतून आणलेली मुळी हमखास मागे राहते, कारण तिला कुणी औषध समजतच नाही.

मग वहीच्या पानावर चार रकाने आखा: आतले घटक, प्रमाण, कुणी दिलं, किती वाजता घेतात. वरचं मोठं नाव नंतर लिहा. बारीक अक्षरांतले घटक आधी, भिंग लागलं तरी चालेल. मोबाईलने फोटो काढून मोठा केला की भिंगही लागत नाही.

असं लिहायला बसलं की पहिल्यांदा दिसतं ते एकच वस्तू तीन ठिकाणी. सातपूरचे एक काका येतात. त्यांच्या नसांच्या गोळीत बी-६, मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-६ आणि 'मेमरी' कॅप्सूलमध्येही बी-६. हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर पायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. मग माणूस त्या मुंग्यांसाठी चौथी नसांची गोळी मागायला येतो.

बी-६ बद्दल एक जुनी भीतीही फिरत असते, की ते घेतलं की लेवोडोपाचा असर जातो. हे खरं होतं, पण तेव्हा लेवोडोपा एकटं दिलं जायचं. त्या काळी दिवसाला १० ते २५ मिलिग्रॅम बी-६ सुद्धा गोळीचा असर मारायला पुरायचं. आपल्याकडच्या गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, ते लेवोडोपाला मेंदूबाहेर खर्च होऊ देत नाही, त्यामुळे ती अडचण बहुतांशी मिटली. उलट लेवोडोपा-कार्बिडोपाचा डोस मोठा असेल आणि वर्षानुवर्षं चालू असेल, तर शरीरातलं बी-६ कमी पडू शकतं. तेव्हा आपल्या मनाने घ्यायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. न्यूरॉलॉजिस्टला विचारायचं.

बी-१२ मात्र जरूर तपासून घ्या. शाकाहारी घर, डायबिटीसची मेटफॉर्मिन आणि रोजची अॅसिडिटीची गोळी, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली माणसं नाशिकमध्ये पायलीला पन्नास मिळतील, आणि तिन्हींमुळे बी-१२ खाली जातं. लेवोडोपा घेणाऱ्यांतही ते कमी आढळतं. बी-१२ कमी पडलं तर विसरायला होतं, पाय बधिर होतात, तोल जातो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. सोबत थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि सोडियमही बघून घ्या. मेंदूच्या बाटलीवर पैसे घालण्याआधी या तपासण्यांवर घाला.

आता काढायच्या गोष्टी शोधा

या लेखातलं एवढंच वाचायचं असेल तर हे वाचा.

पहिला गट डोकं मंद करणाऱ्यांचा. थरथर कमी करायला दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल नावाची गोळी खूप जुनी आणि स्वस्त आहे. तरुण पेशंटला ती चालून जाते. सत्तरीच्या माणसात मात्र हीच गोळी विसराळूपणा आणि गोंधळ वाढवते, लघवी अडवते, शौचाला त्रास देते. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली असते आणि तेव्हापासून पान संपलं की पान आणणं चालू असतं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, वारंवार लघवीसाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोपेची अल्प्राझोलाम हीही त्याच पंगतीतली. आता बाबांना मेंदू मंद करणारी गोळी सकाळी आणि मेंदू तल्लख करणारी कॅप्सूल रात्री, असा हिशोब चालू असेल तर कॅप्सूल बिचारी काय करणार? यातली कुठलीही गोळी एकदम बंद करू नका. ट्रायहेक्सीफेनिडिल हळूहळू उतरवावी लागते. रात्री स्वप्नात हातपाय मारणाऱ्या पेशंटला डॉक्टर क्लोनाझेपाम मुद्दाम देतात, तिला तर हातच लावायचा नाही. यादीवर खूण करा आणि पुढच्या भेटीत विचारा, "ही अजून लागतेच का?"

दुसरा गट जास्त धोक्याचा आणि जास्त निष्पाप दिसणारा. कंपवातात मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं, आणि काही साध्यासुध्या गोळ्या उरलेल्या डोपामाइनलाच अडवतात. उलटीची मेटोक्लोप्रमाइड, उलटी-चक्करेची प्रोक्लोरपेराझिन, चक्करेची सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारी लेवोसल्पिराइड. ही सहसा एकटी येत नाही, गॅसच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या पोटात लपून येते. पुष्कळदा अशा कॅप्सूलच्या नावाला 'एल' किंवा 'एलएस' असं शेपूट असतं. पण अक्षरांवर विसंबू नका, घटक वाचा.

मखमलाबादच्या एका आजींचं चालणं दोन-तीन महिन्यांत एकदम बिघडलं. घरचे आजार वाढला असं धरून चालले होते. यादी करायला बसलो तर गॅसच्या कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड. न्यूरॉलॉजिस्टनी ती बदलली आणि काही आठवड्यांत आजी पुन्हा ओट्यापर्यंत एकट्या जायला लागल्या. त्यांच्यासाठी मागायला आलेलं टॉनिक मी दिलंच नाही.

उलटीसाठी काही लागलंच तर कंपवातात डॉक्टर बहुधा डोम्पेरिडोन निवडतात, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. पण हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर तेही विचारूनच.

घड्याळ

लेवोडोपा आणि प्रोटीन हे आतड्यात एकाच दारातून आत जातात, आणि मेंदूत शिरतानाही तसंच. गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. म्हणून गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासा-दीड तासाने, आणि पाण्याबरोबर. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गोळ्या दुधाबरोबर घेतात. त्यात मुलाने सांगितलेली 'मेमरी'ची प्रोटीन पावडर त्याच दुधात ढवळली जाते. मग दहा वाजेपर्यंत बाबांचं शरीर उघडत नाही, म्हणजे गोळीचा असर होऊन हालचाल मोकळी होत नाही, आणि सगळ्यांना वाटतं डोस कमी पडतोय.

भिजवलेले बदाम, अक्रोड खुशाल खा. फक्त गोळीबरोबर नको. सकाळी सहाला गोळी आणि पेलाभर पाणी, पावणेसातला चहा-नाश्ता, अशी वेळ बसवली तर बरीच कुरकुर जागच्या जागी थांबते. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन साधी बिस्किटं किंवा मूठभर लाह्या चालतात.

रक्तवाढीची गोळी म्हणजे लोह. ते आतड्यात लेवोडोपाला धरून बसतं आणि औषधाचा मोठा भाग शोषलाच जात नाही. दोन्हींत कमीत कमी दोन तासांचं अंतर ठेवा. लोह 'मल्टिव्हिटॅमिन', 'ब्रेन अँड एनर्जी' अशा नावांखालीही असतं. 'आयर्न', 'फेरस' किंवा 'फेरिक' हा शब्द दिसला की वेळ बदला.

एकेक बाटली

सगळ्यात आधी कवचबीज, कारण त्यावर मला रोज वाद घालावा लागतो. खाजकुयलीचं बी ते. शेंगेवरची कुसं अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो, ती वेल. या बियांतून १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी लेवोडोपा वेगळं काढून दाखवलं. कंपवातावर त्याचा उपयोग व्हायला पुढे वीसेक वर्षं जावी लागली. म्हणजे कवचबीज हे 'नुसतं आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नसलेलं' नाही. त्यात तेच औषध आहे जे पानातल्या गोळीत आहे. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ पेशंटवर प्रयोग झाला, त्यात ३० ग्रॅम कवचबीजाचा असर गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. माझं म्हणणं ते काम करत नाही असं नाहीच. ते काम करतं, आणि किती करेल हे चमच्याला कळत नाही, हीच पंचाईत.

हिशोब करून बघा. बियांत साधारण चार ते सहा टक्के लेवोडोपा असतं. पाच टक्के धरलं तर पाच ग्रॅमच्या चमच्यात २५० मिलिग्रॅम. बाजारात सर्रास चालणाऱ्या गोळीत ते १०० मिलिग्रॅम असतं. नुसतं चूर्ण घेणाऱ्याच्या अंगात त्यातलं बरंचसं मेंदूबाहेरच खर्च होतं. पण ज्याच्या पोटात आधीच कार्बिडोपाची गोळी आहे त्याचं तसं होत नाही, त्याच्या मेंदूत जास्त पोचतं. मग मळमळ, उठताना बीपी पडणं, हातपाय आपोआप वळवळणं, रात्री खोलीत माणसं दिसणं. त्यातून प्रत्येक डबा वेगळा. अमेरिकेत २०२२ मध्ये कवचबीजाची १६ उत्पादनं तपासली, तेव्हा एका मात्रेतलं लेवोडोपा २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. आपल्याकडे ते 'पुरुषांची ताकद', 'जिमसाठी' आणि 'स्मरणशक्ती' अशा तिन्ही नावांनी विकतात, म्हणून लेबलावर कौंच, कवचबीज, कपिकच्छू आणि म्युकुना ही चारही नावं शोधा. घ्यायचंच असेल तर गोळीचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना सांगून, त्यांच्या हिशोबात धरून.

पेशंट रासाजिलीन, सेलेजिलीन किंवा साफिनामाइड यांपैकी कंपवाताचीच एखादी गोळी घेत असेल तर ही पुढची ओळ चिठ्ठीवरच लिहून ठेवा. ५-एचटीपी, सेंट जॉन्स वर्ट आणि सॅम-ई ही परदेशी 'मूड' आणि 'ब्रेन' कॅप्सूलमधली मंडळी या गोळ्यांसोबत चालत नाहीत. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडॉलही नाही. घाम, ताप, गोंधळ, स्नायूंना झटके असं सगळं एकदम उसळू शकतं, आणि त्यात थरथर असल्यामुळे घरचे म्हणतात, "हे तर रोजचंच." अमेरिकेहून आलेल्या पार्सलमध्ये मी सगळ्यात आधी हेच शोधते. मुलाचं प्रेम खरं असतं, पण तिथल्या दुकानदाराला बाबांची चिठ्ठी कुठे माहीत असते?

जिंकोची कथा छोटी आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या तीन हजारांवर माणसांना काहींना जिंको आणि काहींना नुसती रिकामी गोळी देऊन कित्येक वर्षं पाहिलं, आणि २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. उलट अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरीन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची भीती. कंपवाताचा माणूस पडतो हे ध्यानात घ्या. रक्त पातळ असताना डोक्यावर पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

अश्वगंधा सगळ्यांच्याच घरात आहे. ती झोप आणते, म्हणून क्लोनाझेपामसोबत दुपारपर्यंत पेंग राहू शकते. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडचं प्रमाणही वाढू शकतं, आणि थायरॉईड वाढलं की हात थरथरतात. कंपवाताच्या माणसात ही थरथर कुणाच्या नावावर लिहायची?

ब्राह्मी तुलनेने सौम्य, पण पोट बिघडवते आणि नाडी मंद करू शकते. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशावरचं रिव्हास्टिग्मिन दिलेलं असेल तर दोन्ही एकाच दिशेने ढकलण्याची शक्यता असते, म्हणून सांगूनच घ्या. शंखपुष्पीच्या सिरपने फेनिटॉइन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी खाली जाते हे भारतीय डॉक्टरांनी १९९२ मध्येच छापलंय. घरात फिटची गोळी चालू असेल तर शंखपुष्पी नकोच. अरिष्टांच्या बाटलीवर आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. सारस्वतारिष्टाचं झाकण भरून घेऊन त्यावर झोपेची गोळी घेतली तर रात्री बाथरूमला उठताना तोल जाणार.

'रस' आणि 'भस्म' या शब्दांपाशी मात्र थांबाच. स्मृतिसागर रसात शुद्ध केलेला पारा आहे, हरताळ आणि मनःशिळा म्हणजे आर्सेनिकची खनिजं आहेत, ताम्रभस्म आहे. ग्रंथात तसंच सांगितलंय, भेसळ नाही ती. म्हणूनच ते काउंटरवरून आपल्या मनाने न्यायचं औषध नाही. भेसळ आणि हलगर्जी वेगळी. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पंचवटीतच गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, शिकलेल्या वैद्यांची आपल्याकडे वाण नाही. वैद्यांकडे जायचं तर न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन जा, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना वैद्यांची. एकाला कळू न देता दुसऱ्याचं घेणं हे मी रोज बघते, आणि नुकसान फक्त पेशंटचं होतं.

सिटिकोलीन-पिरासिटामची गोळी लोक टॉनिक समजून मागतात. ती चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे, आणि पिरासिटाम रक्त गोठण्यात ढवळाढवळ करतं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, यावरून भांडणंही झालीत.

उरल्या निरुपद्रवी पण महागड्या गोष्टी. को-एन्झाइम क्यू-१० दिवसाला २४०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन सहाशे पेशंटवर पाहिलं, कंपवाताची चाल मंदावली नाही. क्रिएटिन सतराशेंवर पेशंटना दिलं, तेही नाही. ई-जीवनसत्त्व आठशे पेशंटच्या प्रयोगात १९९३ मध्येच नापास झालं. पैसे जास्त झाले असतील तर एखादा फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा, किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बाबांना रोज सोबत करायला कुणाला तरी ठेवा. व्यायामाचा उपयोग या तिन्हींपेक्षा जास्त आहे.

आणि विसरणं खरोखर वाढलं असेल, बँकेचा व्यवहार जमेना, घराचा रस्ता चुकायला लागला, तर टॉनिकमध्ये वेळ घालवू नका. रिव्हास्टिग्मिन हे औषध कंपवातातल्या स्मृतिभ्रंशावरच तपासून मान्य झालेलं आहे. चमत्कार करत नाही, पण निदान ते कुणासाठी आणि किती द्यायचं हे माहीत आहे.

लेबल कसं वाचायचं

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना असेल तर कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, औषध नाही. 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ इंग्रजीत त्यावर छापावीच लागते. ती शोधा आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण हवं. 'खास मिश्रण ५०० मिलिग्रॅम' असं एकगठ्ठा लिहिलेलं असेल तर परत ठेवा, कारण त्यात कशाचं किती हे तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही.

औषध नियमांत 'जे' नावाचं एक परिशिष्ट आहे. कुठलंही औषध बरं करतं असा दावाच करता येत नाही अशा आजारांची ती यादी. त्यात पार्किन्सन्स आहे, आणि 'मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढवणे' हेही आहे. माझ्या काउंटरवर ही यादी मी चिकटवून ठेवलीय.

सिंहस्थ आला की गोदाघाटावर जडीबुटीचे तंबू लागतील. कंपवातावर हमखास मुळी तिथे मिळेल, आणि ती देणारा पंधरा दिवसांनी कुठे असेल ते गोदामाईलाच ठाऊक. लेबल नाही, बॅच नाही, पत्ता नाही, अशी वस्तू पोटात जाऊ देऊ नका.

तरीही एखादं घ्यायचं ठरलं तर

डॉक्टरांनी हो म्हटलं, घड्याळात बसवलं, मग एका वेळी एकच सुरू करा. आधी दोन आठवडे काहीही नवीन न देता वही ठेवा: गोळी किती वाजता घेतली, शरीर किती वाजता उघडलं, असर कधी उतरला, झोप, पडणं, भास. मग नवीन वस्तू कमी मात्रेत सुरू करून तीच वही पुढे चालवा. आधीची वही नसेल तर "जरा बरं वाटतंय" यावर महिनोन् महिने पैसे जातात.

बीपी दोनदा मोजायची सवय लावा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर डॉक्टरांना कळवा. उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडलं तरी माणूस भांबावतो, आणि ते विसरणं कॅप्सूलने जात नाही.

भास, नव्याने वळवळ, कावीळ, काळी शौच, नाकातून रक्त असं काही दिसलं तर नवीन वस्तू त्याच दिवशी थांबवा. पण लेवोडोपा थांबवू नका. घाबरून सगळंच बंद करणारी घरं मी पाहिलीत. लेवोडोपा एकदम तोडलं तर तीव्र ताप, ताठरपणा आणि बेशुद्धी येऊ शकते, ते जिवावरचं असतं. असं झालं तर रात्र असो की दिवस, हॉस्पिटल गाठा, आणि ती यादीची वही सोबत न्या.

दात काढायचा असो, मोतीबिंदू असो की मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया, जिंको, मासळीचं तेल, अश्वगंधा वगैरे चालू असल्याचं सर्जनला निदान दोन आठवडे आधी सांगा. आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

आणि त्रास झालाच तर तो कळवा. केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, त्यावर पेशंटचे नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, काय झालं आणि सोबत कुठली औषधं चालू होती, एवढं ते विचारतात. म्हणून नवीन डबा आणला की त्याच दिवशी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि संपलेली बाटली महिनाभर तरी भंगारवाल्याला देऊ नका. बॅच नंबर बाटलीवरच असतो, बिलावर तो बऱ्याचदा चुकीचा उतरलेला असतो, हे मी दुकानदार म्हणूनच सांगतेय.